उन्हाळी बागेतील मोकळ्या जागा फुलझाडांच्या कुंड्यांनी कशा भराव्यात

गुढीपाडवा झाला की कोल्हापुरातील बहुतेक घरगुती बागांची एकच अवस्था होते. डिसेंबरपासून फुललेल्या पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस आणि शेवंतीने मान टाकलेली असते, वाळलेल्या काड्या उपटून झालेल्या असतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंतचे दोन-अडीच महिने त्या वाफ्यांत भेगाळलेल्या काळ्या मातीखेरीज पाहण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी नवशिक्या बागकर्त्याला नवे रोप आणून मोकळ्या जागी लावावेसे वाटते. परंतु ऐन एप्रिलमध्ये जमिनीत केलेली लागवड क्वचितच सुखरूप निभावते. रोप पिशवीतून काढून जमिनीत लावताना त्याची बारीक पांढरी मुळे तुटतात, आणि नवी मुळे फुटेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत पानांतून जितके पाणी उडून जाते तितके उरलेली मुळे उचलू शकत नाहीत. कुंडीत आधीच रुजलेल्या झाडाला हा धक्का बसत नाही. शिवाय ते झाड एका जागी रमले नाही तर दुसऱ्या दिवशी उचलून दुसरीकडे ठेवता येते. म्हणून मार्च ते जून या काळात बागेतील मोकळ्या जागा कुंड्यांनीच भराव्यात आणि जमिनीतील कायमची लागवड पावसाळ्यावर सोडावी, असे माझे मत आहे.

हवामानाच्या बाबतीत कोल्हापूरकर तसे सुदैवी आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा बहुधा ३६ ते ३९ अंशांच्या दरम्यान असतो, परंतु सायंकाळी पश्चिमेकडून वारे सुटतात आणि रात्री झाडांना विसावा मिळतो. सोलापूर किंवा विदर्भातील बागकर्त्यांना ही सवलत नाही. त्यामुळे योग्य झाड निवडले, तर आपल्याकडे भर मे महिन्यातही बाग फुललेली ठेवणे अवघड नाही.

आधी जागेची पाहणी करावी

नर्सरीत जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस केवळ निरीक्षणासाठी द्यावेत. घरातील माणसे बाग प्रत्यक्ष कोठून आणि कोणत्या वेळी पाहतात, हे सर्वांत आधी ठरवावे. व्हरांड्यातील खुर्ची, स्वयंपाकघराची खिडकी आणि फाटकातून आत येण्याची वाट या ठिकाणांहून जी मोकळी जागा डोळ्यांत खुपते तीच भरण्याजोगी असते. एखादा कोपरा मोकळा असूनही कोणाच्याच नजरेस पडत नसेल, तर तो खुशाल मोकळा राहू द्यावा, कारण उन्हाळ्यात वाढवलेली प्रत्येक कुंडी रोजचे पाणी मागते. निवडलेल्या जागेवर एखादी पालथी बादली किंवा रिकामी कुंडी ठेवून पाहावी आणि पाच-सात पावले मागे येऊन तिची उंची व रुंदी जागेस शोभते का, याचा अंदाज घ्यावा. दहा इंची कुंडीतील भरलेले झाड साधारणपणे सव्वा ते दीड फूट रुंदीची जागा व्यापते. त्यामुळे तीन-चार फुटांच्या पट्ट्याला तीन कुंड्या पुरतात. त्या एका सरळ ओळीत न मांडता त्रिकोणात मांडल्या की झाड तेथेच उगवले असावे असा भास होतो.

जागा मोकळी का पडली, हेही पाहावे. हंगामी फुलांचा वाफा संपल्यामुळे पडलेली जागा निर्धोक असते. आंब्याच्या किंवा नारळाच्या बुडाशी मात्र काहीच तग धरत नाही, कारण त्या झाडांच्या मुळ्यांनी वरची सारी माती गुंतवून टाकलेली असते. तेथे कुंडीखेरीज दुसरा उपाय नाही. एखादे झाड अचानक मेल्यामुळे जागा मोकळी झाली असेल, तर आधी खुरप्याने वीतभर माती उकरून वाळवी लागली आहे का किंवा पाणी साचते आहे का ते तपासावे, आणि तसे काही आढळल्यास कुंडी मातीत न पुरता विटांवर ठेवावी.

उन्हाची दिशा हा नवशिक्यांना हमखास चकवणारा भाग आहे. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर सावलीत असणाऱ्या घराच्या उत्तर अंगाला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ चांगले ऊन मिळते, तर दक्षिणेकडील भिंतीलगत दुपारीदेखील सावलीची एक अरुंद पट्टी पडते. जानेवारीत पाहून ठेवलेला ऊन-सावलीचा अंदाज मेमध्ये उपयोगी पडत नाही, तो याच कारणाने. मोबाइलवर सकाळी आठ, दुपारी एक आणि सायंकाळी पाच वाजता त्या जागेची छायाचित्रे काढून ठेवली तर तर्क करावा लागत नाही.

शेवटी पाण्याचा हिशेब करावा. दहा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात एका वेळी साधारण एक ते दीड लिटर पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत दहा-बारा कुंड्या होतात. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येणार असेल, तर झाडांसाठी रोज किती बादल्या हमखास निघतील हे ठरवून त्यानुसारच कुंड्यांची संख्या ठरवावी. आठ कुंड्या टवटवीत असणे हे वीस कुंड्या अर्धमेल्या असण्यापेक्षा केव्हाही बरे दिसते.

झाडांची निवड

काही वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरच्या आठवड्यात एका नर्सरीतून मी पिटुनियाच्या सहा कुंड्या आणल्या होत्या. फुलांनी त्या इतक्या लगडल्या होत्या की झाकलेले पानही दिसत नव्हते, आणि विक्रेत्यानेही ‘भरपूर टिकतील’ असे छातीठोकपणे सांगितले होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत त्यांच्या नुसत्या लांबुडक्या काड्या उरल्या. दोष अर्थात माझा अधिक होता, कारण पिटुनिया आपल्याकडे थंडीचे फूल आहे आणि मार्चअखेरीस दिसणारा बहर हा त्याचा शेवटचा बहर असतो. नर्सरीत एखादे झाड आज फुललेले आहे, एवढ्यावरून ते उन्हाळ्याचे झाड आहे असे समजू नये.

दिवसभर कडक ऊन असणाऱ्या जागेसाठी सदाफुलीइतके खात्रीचे झाड दुसरे नाही. ती मूळची मादागास्करची. उष्णता आणि थोडीफार हेळसांड ती सहज सोसते, आणि वाळलेली फुले आपोआप गळून पडत असल्याने खुडण्याचे कामही उरत नाही. तिचे वावडे एकाच गोष्टीशी आहे, ते म्हणजे साचलेले पाणी. दुसरे झाड ऑफिस टाइम, ज्याला काही जण चिनी गुलाब म्हणतात. याची मांसल पाने पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे आठ इंची उथळ कुंडीतही ते सुखाने राहते. नवशिक्यांनी याचा आणखी एक फायदा लक्षात घ्यावा: एकच कुंडी विकत आणून तिचे तीन-तीन इंचांचे शेंडे खुडावेत, खालची पाने काढून ओलसर मातीत बोटभर अंतरावर खोचावेत आणि चार दिवस सावलीत ठेवावेत. आठवडाभरात ते मूळ धरतात, आणि महिनाभरात एका कुंडीच्या पाच-सहा कुंड्या होतात.

मात्र ऑफिस टाइमचे नाव उगाच पडलेले नाही. त्याची फुले सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलतात आणि दुपार कलू लागली की मिटतात. घरातील मंडळी सकाळी नऊला बाहेर पडून सायंकाळी सहाला परतणारी असतील, तर ही फुले त्यांना केवळ रविवारी दिसणार. म्हणून मोकळी जागा भरताना ती कोणत्या वेळी पाहिली जाते, हा प्रश्न मी आधी विचारतो. संध्याकाळी व्हरांड्यात बसणाऱ्यांनी गुलबक्षी आणि मोगरा यांना पसंती द्यावी. गुलबक्षी चार-पाचच्या सुमारास उमलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकते, तर मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दिवेलागणीला उमलू लागतात आणि त्याचा गंध रात्री अधिक जाणवतो. कोल्हापुरात मोगऱ्याचा मुख्य बहर मार्च ते मे असतो, परंतु त्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायला हवी. एप्रिलमध्ये मोगरा खोलवर छाटला तर हंगाम हातचा गेलाच म्हणून समजावे. या दिवसांत एक बहर ओसरला की फक्त शेंड्याकडची दोन पेरे खुडावीत, म्हणजे नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात. मोगऱ्याला रोज पाच-सहा तासांचे ऊन न मिळाल्यास पाने हिरवीगार राहतात, पण फूल दिसत नाही.

तापलेल्या भिंतीलगत किंवा फरशीवर, जेथे दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, तेथे बोगनवेल आणि अडेनियम यांचीच वर्णी लागते. बोगनवेलीचा ज्याला आपण फूल म्हणतो तो कागदासारखा रंगीत भाग ही खरे तर पाने असतात. फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली पांढुरकी बारीक नळी. ही वेल कुंडीत मुळे दाटली आणि पाण्याचा थोडा ताण बसला म्हणजेच रंगावर येते. प्रेमापोटी तिला रोज पाणी घालणाऱ्यांना नुसती पाने आणि काटे मिळतात. जास्वंद, एक्झोरा, निळा चित्रक आणि पिवळी-केशरी संकरित घाणेरी ही झाडेदेखील मोकळ्या उन्हात चांगली फुलतात. त्यांपैकी जास्वंदीला पाण्यात आणि खतात काटकसर खपत नाही. बियांपासून वाढवण्याची हौस असलेल्यांनी झिनिया, पिवळा कॉसमॉस, गलांडा आणि बटणफूल यांचे बी फेब्रुवारीच्या मध्यात कुंडीत टाकावे. झिनियाला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी कुंड्या तयार होतात. ज्यांनी फेब्रुवारीत बी टाकले नाही, त्यांनी एप्रिलमध्ये पेरण्याच्या भानगडीत न पडता तयार रोपे आणावीत.

झाडाखालच्या झिरपत्या सावलीसाठी पर्याय मोजके आहेत. अबोली हा त्यांतला सर्वांत चांगला, कारण सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन तिला पुरते, ती महिनोन्‌महिने फुलत राहते आणि घरात कोणी गजरा माळणारे असेल तर तिचे काही सांगायलाच नको. पूर्ण सावलीत पीस लिलीची पांढरी फुले दिसू शकतात. बाकी तेथे फुलांचा हट्ट सोडून रंगीत पानांच्या झाडांवर समाधान मानावे.

रंगांविषयी माझा एक आग्रह आहे, तो पटेल त्याने घ्यावा. दुपारच्या प्रखर उन्हात फिके गुलाबी आणि आकाशी रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात; त्या वेळी राणी, गडद लाल आणि केशरी रंगच टिकाव धरतात. पांढरा रंग मात्र तिन्हीसांजेला उजळतो. एका मोकळ्या जागेत दोनपेक्षा अधिक रंग आणले तर ती जागा भरल्यासारखी दिसण्याऐवजी फुलांच्या हारांचे दुकान मांडल्यासारखी दिसते.

घरात लहान मूल, कुत्रे किंवा दारात गाय-म्हैस असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो; अडेनियमचा चीक आणि सदाफुलीची पाने हीदेखील पोटात जाता कामा नयेत, आणि घाणेरी गुरांना बाधते. ही झाडे मुलांच्या व जनावरांच्या तोंडाशी येणार नाहीत अशाच ठिकाणी ठेवावीत.

नर्सरीतून घरी आणताना

खरेदीला सायंकाळी जावे, कारण भर दुपारी दुचाकीच्या पायाशी ठेवून आणलेले रोप घरी येईपर्यंतच वाऱ्याने आणि उन्हाने सुकलेले असते. पूर्ण फुललेल्या रोपापेक्षा भरपूर कळ्या आणि एक-दोन उमललेली फुले असलेले रोप घ्यावे. फुलाचा रंगही कळतो आणि बहर आपल्या अंगणात येतो. पाने उलटी करून पाहावीत. बारीक जाळी, पांढरी माशी किंवा कापसासारखा पुंजका दिसला तर ते रोप तेथेच ठेवावे, मग ते कितीही स्वस्तात मिळो. पिशवीच्या तळाच्या छिद्रांतून मुळांचा झुपका बाहेर आला असेल, तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलेले आहे असे समजावे.

नर्सरीतील रोपे बहुधा हिरव्या शेडनेटखाली वाढलेली असतात आणि त्यांना थेट उन्हाची सवय नसते. म्हणून घरी आणल्यावर पहिले तीन दिवस त्यांना झाडाखाली ठेवावे, पुढील तीन-चार दिवस फक्त सकाळचे ऊन द्यावे आणि त्यानंतरच ठरलेल्या जागी न्यावे. हा आठवडा वाचवण्याच्या नादात पाने भाजून पांढरी पडतात, आणि भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही.

कुंडी आणि माती

उन्हाळ्यासाठी दहा इंचांपेक्षा लहान कुंडी शक्यतो घेऊ नये, कारण सहा इंची कुंडीतील माती सकाळी भिजवली तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत कोरडी पडते. मातीची कुंडी अंगातून पाझरणाऱ्या ओलाव्यामुळे गार राहते, पण लवकर सुकते. काळी प्लॅस्टिकची कुंडी ओल धरते, पण उन्हात इतकी तापते की कडेची मुळे शिजून निघतात. प्लॅस्टिकचीच वापरायची असेल तर पांढरी किंवा विटकरी रंगाची घ्यावी, अथवा तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे.

पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती उसाला सोन्यासारखी असली, तरी ती एकटी कुंडीत भरू नये. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी जाते, ताटली भरते, आणि मधला मातीचा गड्डा कोरडाच राहतो. पाणी घातल्याचे समाधान माणसाला मिळते, झाड मात्र तहानलेलेच राहते. असा प्रकार झालाच तर कुंडी पाण्याच्या घमेल्यात काठापर्यंत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे येणे पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढावी. मिश्रण करताना पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग घेऊन त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. म्हशींच्या या जिल्ह्यात शेणखताला तोटा नाही. ते फक्त वर्षभर मुरलेले, हाताला भुसभुशीत लागणारे आणि दुर्गंधी नसलेले हवे, कारण ताजे शेण कुंडीत तापते आणि हुमणीच्या अळ्याही सोबत आणते.

कुंडी वाफ्यात बसवण्याची पद्धत

वाफ्यावर नुसत्या ठेवलेल्या कुंड्या ठेवलेल्याच दिसतात. त्या मातीत पुरल्या तर झाड जमिनीतून आल्यासारखे वाटते, कुंडीच्या बाजू उन्हापासून वाचतात आणि पाणी निम्म्यावर भागते. त्यासाठी आदल्या दिवशी त्या जागी बादलीभर पाणी ओतून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी माती वाफशावर येते, म्हणजे ओलसर पण न चिकटणारी होते, आणि पहार न लावता खुरप्याने व फावड्याने खणता येते. कुंडीच्या उंचीपेक्षा दोन इंच अधिक खोल आणि चहूबाजूंनी दोन बोटे रुंद खड्डा घ्यावा. तळाशी विटांच्या तुकड्यांचा तीन इंचांचा थर द्यावा, त्यावर कुंडी बसवावी, तिचा काठ वाफ्याच्या मातीपेक्षा साधारण एक इंच वर राहील असे पाहावे आणि कडेची फट सैल मातीने भरावी. काठ वर ठेवण्याचे कारण असे की, तो मातीच्या पातळीत गेला तर पहिल्याच वळवात वाफ्यातील काळा गाळ कुंडीत शिरतो.

यापुढची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती मी अनुभवातून शिकलो आहे. दर आठवड्याला पुरलेली कुंडी दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी पाव फेरा फिरवावी. माझ्याकडे एका सदाफुलीची कुंडी मी एप्रिलच्या सुरुवातीला पुरली आणि मेअखेरपर्यंत तिला हात लावला नाही. ती बागेतील सर्वांत तेजस्वी सदाफुली होती, याचे मला कौतुकही होते. काढायला गेलो तेव्हा कुंडी जागची हलेना. तळाच्या छिद्रातून करंगळीएवढे जाड मूळ विटांच्या तुकड्यांतून वाट काढत खाली जमिनीत उतरले होते. ते तोडावे लागले, आणि तोडल्यावर तिसऱ्या दिवशी झाड उभे वाळले. आठवड्याला पाव फेरा दिला की अशी मुळे कोवळी असतानाच तुटतात आणि झाड कुंडीतल्या मातीवरच अवलंबून राहायला शिकते.

कुंड्या वरचेवर बदलायच्या असतील तर खड्ड्यात एक रिकामी बारा इंची कुंडी कायमची बसवून तिच्या आत दहा इंची कुंडी सोडावी. बहर ओसरलेले झाड उचलून मागच्या परड्यात विश्रांतीला न्यावे आणि तेथे तयार असलेले दुसरे झाड त्या जागी आणावे. पाहुणे येणार असतील त्या दिवशी ही सोय फार कामाला येते. मोठ्या झाडाखाली मात्र खणताना जाड मुळे तोडू नयेत. तेथे कुंड्या विटांवर ठेवून पुढे एखादी पसरट कुंडी मांडली की विटा झाकल्या जातात.

कुंडीच्या तोंडाशी आणि आजूबाजूच्या वाफ्यावर आच्छादन करायला कोल्हापुरात उसाच्या पाचटासारखे दुसरे साहित्य नाही. ते विळ्याने तीन-चार इंचांचे तुकडे करून दोन इंच जाडीने पसरावे, मात्र झाडाच्या बुंध्यापासून दोन बोटे दूर ठेवावे, नाही तर वाळवीला आमंत्रण मिळते.

पाणी, खत आणि कीड

पाणी सकाळी सातच्या आत द्यावे आणि कुंडीच्या तळातून थेंब गळेपर्यंत द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने फक्त वरचा थर ओला होतो, मुळे वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. सायंकाळी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच पुन्हा पाणी द्यावे. भर दुपारी जास्वंदीची किंवा झिनियाची पाने लोंबलेली दिसली म्हणून लगेच झारी घेऊन धावू नये, कारण उन्हाच्या तडाख्यात पाने तात्पुरती माना टाकतात आणि साडेपाच-सहाला आपोआप ताठ होतात. संध्याकाळीही ती ताठ झाली नाहीत, तर मात्र झाड खरोखर तहानलेले आहे. सदाफुली, बोगनवेल आणि अडेनियम यांना माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे; अडेनियमला चार-पाच दिवसांआड पुरते. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही. गावी जायचे असेल तर सर्व कुंड्या सावलीत एकत्र दाटीने ठेवाव्यात आणि मधोमध पाण्याची बादली ठेवून तिच्यातून सुती दोऱ्यांच्या जाड वाती प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचाव्यात. तीन-चार दिवस निभावते.

खताची घाई करू नये. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती आधी ओली करून, सायंकाळी दिले की पुरे. कोरड्या मातीत दिलेले खत मुळांना भाजते. केळ्याच्या साली आणि चहाचा चोथा थेट कुंडीत टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. मला तरी त्यातून मुंग्या आणि चिलटांखेरीज फारसे काही मिळालेले नाही. ते सारे कंपोस्टच्या डब्यात टाकावे. झिनिया, गलांडा आणि कॉसमॉसची वाळलेली फुले मात्र दर दोन दिवसांनी देठासह खुडावीत, कारण बी धरले की झाड नव्या कळ्या काढण्याचे थांबवते.

उन्हाळ्यातील खरा शत्रू म्हणजे लाल कोळी. पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि पाठीमागे धुळकट जाळी दिसली की तो आला असे समजावे. कोळी हा कीटक नसल्यामुळे सामान्य कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून सलग चार-पाच दिवस सकाळी पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत, फार पसरले असतील तर ती फांदीच कापून टाकावी, आणि त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा द्रव साबण मिसळून सायंकाळी फवारावे. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण बहुधा कोठेतरी असतोच.

वळीव आणि मृग

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटून येतात, धुळीचे लोट उठतात आणि अर्ध्या तासात वळीव कोसळतो. या वाऱ्यात विटांवरच्या उंच कुंड्या हमखास आडव्या होतात, म्हणून त्या भिंतीच्या आडोशाला सरकवाव्यात किंवा आपसांत सुतळीने बांधाव्यात; पुरलेल्या कुंड्यांना काही होत नाही. पाऊस थांबल्यावर ताटल्यांतील पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना तेवढे स्वच्छ साचलेले पाणी पुरते आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते. वळवाचा एक आनंदही आहे. पावसाळी लिलीचे कंद एखाद्या पसरट कुंडीत असतील, तर पहिल्या चांगल्या वळवानंतर काही दिवसांतच त्यांच्या गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे तुरे एकाच सकाळी वर येतात. ही कुंडी वर्षभर कोपऱ्यात पडून राहिली तरी तक्रार करत नाही. वळीव झाला की ती उचलून सर्वांत पुढच्या मोकळ्या जागी आणावी.

रोहिणी नक्षत्र संपत आले, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडला की पुरलेल्या सर्व कुंड्या बाहेर काढाव्यात. मृगाच्या पावसात काळ्या मातीतील खड्डे विहिरीसारखे भरतात आणि त्यात बसलेल्या सदाफुलीची मुळे चार दिवसांत कुजतात. सदाफुली, ऑफिस टाइम आणि अडेनियम पागोळ्यांपासून दूर, छपराच्या कडेला ठेवावेत. मोगरा आणि जास्वंद मोकळ्यावर राहिले तरी चालतात. रिकाम्या झालेल्या खड्ड्यांतून विटांचे तुकडे काढून ते पुढच्या वर्षासाठी पोत्यात भरून ठेवावेत. खड्डे बुजवू नयेत. त्यांत घमेलेभर शेणखत आणि पाचटाचा कुजलेला थर टाकून निम्मी माती ओढावी, आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वाफशावर आली की जी झाडे कायमची जमिनीत हवी आहेत ती त्याच जागी लावावीत; त्या जागेला किती ऊन मिळते आणि तेथे किती उंचीचे झाड शोभते, हे एव्हाना दोन महिन्यांच्या पाहणीतून कळलेलेच असते.